सत्तेचाळीस दिवस समुद्रात, दोन वर्षं छावणीत, आणि मग क्षमा : लुई झँपेरिनी आणि आपल्याकडचे युद्धकैदी

खाडीकाठचा

मंडळी, गेले काही दिवस लुई झँपेरिनी या माणसानं डोक्यात ठाण मांडलंय. इथे बरेच जण त्याला ओळखत असतील, तरी ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात.

जन्म १९१७चा, आईबाप इटलीहून अमेरिकेत आलेले. कॅलिफोर्नियात टॉरन्स गावात वाढला तो चोऱ्यामाऱ्या करत. थोरल्या भावानं धावायला लावलं आणि पोरगा सुधारला. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये ५,००० मीटरमध्ये आठवा आला, पण शेवटची फेरी ५६ सेकंदांत मारली म्हणून लोकांच्या लक्षात राहिला. मग युद्ध. २७ मे १९४३ला तो एका हरवलेल्या विमानाचा शोध घ्यायला गेला आणि त्याचंच बी-२४ विमान पॅसिफिकमध्ये कोसळलं. अकरा जणांपैकी तिघे वाचले: झँपेरिनी, वैमानिक फिलिप्स आणि शेपटाकडचा तोफची मॅकनमारा. हवा भरायच्या दोन तराफ्यांवर ते वाहत राहिले. मॅकनमारा तेहतिसाव्या दिवशी गेला. उरलेले दोघे सत्तेचाळीस दिवसांनी, सुमारे ३,२०० किलोमीटर वाहून, मार्शल बेटांपाशी जपान्यांच्या हाती लागले.

पुढे क्वाजालिन, ओफुना, ओमोरी, नाओएत्सू अशा छावण्या. ओमोरीत मुत्सुहिरो वातानाबे नावाचा जपानी लष्करातला माणूस भेटला. कैदी त्याला 'पक्षी' म्हणायचे, म्हणजे त्याच्याबद्दल बोलताना त्याला कळू नये. ऑलिंपिकपटू म्हणून झँपेरिनीवर त्याचा खास डोळा. रोजची मारहाण. नाओएत्सूला बदली झाल्यावर झँपेरिनीला वाटलं सुटलो, तर तिथे दारात हाच उभा. जड लाकडी तुळई डोक्यावर धरून त्याला उभं केलं होतं तो प्रसंग तिथलाच.

युद्ध संपलं, घरी आला, लग्न केलं आणि दारूत बुडाला. रात्री स्वप्नात वातानाबे. जपानला परत जाऊन त्याला मारायचं, एवढाच बेत डोक्यात. १९४९मध्ये बायकोच्या आग्रहानं लॉस एंजलिसला बिली ग्रॅहम या ख्रिस्ती धर्मप्रचारकाच्या प्रवचनाला गेला आणि तिथे त्याला तराफ्यावर देवाला दिलेला शब्द आठवला. त्या रात्रीनंतर ती स्वप्नं पडली नाहीत, असं तो शेवटपर्यंत सांगत राहिला. १९५०मध्ये टोकियोच्या सुगामो तुरुंगात जाऊन आपल्या जुन्या पहारेकऱ्यांना भेटला, त्यांना मिठी मारली. वातानाबे तिथे नव्हता, तो लपून बसला होता. १९९८च्या नागानो हिवाळी ऑलिंपिकची मशाल घेऊन झँपेरिनी त्याच नाओएत्सूतून धावला, वातानाबेला क्षमेचं पत्र लिहिलं, भेटायची तयारी दाखवली. वातानाबेनं नकार दिला. तो २००३मध्ये गेला, झँपेरिनी २०१४मध्ये, ९७व्या वर्षी.

ही झाली हकिगत. आता मला काय वाटतं ते.

लोक सुगामोच्या मिठीबद्दल बोलतात. मला त्याहून मोठा वाटतो तो चॉकलेटचा प्रसंग. तराफ्यावर अन्न म्हणून होत्या फक्त थोड्या चॉकलेटच्या वड्या आणि पाण्याचे काही डबे. पहिल्याच रात्री बाकीचे दोघे झोपलेले असताना मॅकनमारानं घाबरून सगळं चॉकलेट खाल्लं. पुढे किती दिवस काढायचेत कुणालाच ठाऊक नाही, आणि असलेलं अन्न एकानं संपवलं! झँपेरिनी चिडला, पण त्यानं मॅकनमाराला वाळीत टाकलं नाही, कामात धरलं, बोलतं ठेवलं. पुढे शार्क तराफ्यावर चढून झँपेरिनीला ओढायला आला, तेव्हा याच मॅकनमारानं वल्ह्यानं त्याच्या तोंडावर हाणून त्याला परतवलं.

तग धरणं आणि क्षमा करणं या दोन गोष्टी आपण एका दमात बोलतो, पण माझ्या मते त्या वेगळ्या ताकदीवर चालतात. छावणीत माणसाला संतापही जगवू शकतो. घरी आल्यावर तोच संताप त्याला खायला लागतो. तराफ्यावर मात्र तिघांना एकमेकांवाचून गत्यंतर नव्हतं, तिथे क्षमा केली नसती तर जगलेच नसते. मला त्या तराफ्यावरच्या क्षमेबद्दल बोलायचंय, आणि आपल्या कोकणातून लढाईवर गेलेल्या, पकडल्या गेलेल्या माणसांबद्दलही. आमच्या माणगावात व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेल्या नाईक यशवंत घाडगे यांचं स्मारक आहे. १० जुलै १९४४ला इटलीत ते लढता लढता गेले, त्यांचं नाव आम्हाला शाळेपासून माहीत. पण जे पकडले गेले आणि जिवंत परत आले, त्यांचं पुढे काय झालं? कुणाच्या घरात काही ऐकलंय का?

दर्यावर्दी

धागा वाचला आणि राहवलं नाही. मी हर्णैला बरीच वर्षं तांडेल, म्हणजे बोटीचा प्रमुख, होतो. इंजिन बंद पडून वाहत गेलेल्या बोटीवर मीही राहिलोय, पण आमच्याकडे पाणी होतं, वायरलेस होता. सत्तेचाळीस दिवस हा विचारच करवत नाही.

समुद्रावर माणूस उपाशी बरेच दिवस काढतो, तहान मात्र लवकर मारते. आणि खारं पाणी प्यायला की शरीरातलं असलेलं पाणीही मीठ बाहेर टाकण्यात जातं. नवे खलाशी हेच करायला जातात, त्यांना आधी अडवावं लागतं. झँपेरिनीनं पंपाचं कॅनव्हासचं आवरण फाडून त्यात पाऊस धरला. लाटेचं खारं पाणी त्यात पडायच्या आत तोंडानं ओढून डब्यात भरायचं, ही युक्ती ज्याला सुचली त्याला मी मानतो. तराफ्यावर येऊन बसलेले पक्षी हातानं पकडले, त्यांच्या मांसाचं आमिष लावून मासे धरले. जपानी विमानानं गोळ्या झाडून तराफ्यांची चाळण केली, तेव्हा खाली शार्क असताना भोकं बुजवली.

त्याहून मोठी गोष्ट ते एकमेकांना प्रश्न विचारत राहिले, ती. झँपेरिनी रोज आईच्या हातचं जेवण रांधायचा, तोंडी. काय घालायचं, किती वेळ ढवळायचं, सगळं. फिलिप्स मध्येच टोकायचा की हे राहिलं. आमच्या बोटीवरही रात्री हेच चालतं. कुणाच्या घरी तिरफळं घालतात, कुणाच्या घरी नाही, यावर तासभर वाद. डोकं चालू राहिलं की माणूस राहतो. मॅकनमारा गप्प होत गेला असं म्हणतात. गप्प झालेल्या खलाशाकडे तांडेलानं सगळ्यात आधी बघावं, हे मला माझ्या काकांनी शिकवलं.

चॉकलेटबद्दल खाडीकाठच्यांशी पूर्ण सहमत. बोटीवर चोरी झाली तर किनाऱ्याला लागेपर्यंत तिचं नाव काढायचं नाही. नंतर काय ते बघू.

निवृत्त_मास्तर

लेख आवडला, पण माझा एक आक्षेप आहे आणि तो मी मनापासून मांडतो.

वातानाबेनं कधी क्षमा मागितली का? युद्धानंतर जपानचा ताबा घेतलेल्या अमेरिकन जनरल मॅकआर्थरच्या 'पाहिजे असलेल्या' चाळीस युद्धगुन्हेगारांच्या यादीत तो तेविसावा होता. सात वर्षं लपला, १९५२मध्ये खटला रद्द झाला, मग उजळ माथ्यानं धंदा करून सुखात जगला. झँपेरिनीनं स्वतःवरचा अन्याय माफ केला, तो त्याचा हक्क. पण नाओएत्सूच्या छावणीत साठ ऑस्ट्रेलियन कैदी मेले. त्यांच्या वतीनं कोण माफ करणार?

आपल्याकडे एकनाथांची गोष्ट सांगतात. नाथ गोदावरीत स्नान करून येतात, तो माणूस थुंकतो, नाथ पुन्हा स्नानाला जातात. पण त्या गोष्टीत शेवटी तो माणूस पाय धरतो! तो पायाशी आला नसता तर गोष्ट आपण इतक्या प्रेमानं सांगितली असती का? मी मुलांना ती गोष्ट वर्षानुवर्षं शिकवली, म्हणून विचारतोय.

सुरंगी

मास्तर, तुमच्या प्रश्नाला एरिक लोमॅक्सची हकिगत चांगली लागू पडते.

तो ब्रिटिश सिग्नल अधिकारी. फेब्रुवारी १९४२मध्ये सिंगापूर पडलं तेव्हा पकडला गेला आणि सयाम-ब्रह्मदेश रेल्वेवर पाठवला गेला. ४१५ किलोमीटरची ती लाईन कैद्यांकडून आणि आशियाई मजुरांकडून साधारण वर्षभरात बांधून घेतली. बारा हजारांहून जास्त दोस्त राष्ट्रांचे कैदी मेले आणि मजूर त्याच्या कितीतरी पट. त्या मजुरांत मलायातल्या रबराच्या मळ्यांवरचे तमिळ कामगार होते, म्हणजे आपलीच माणसं. कांचनाबुरीत लोमॅक्सच्या गटाकडे लपवलेला रेडिओ सापडला आणि त्याचा अनन्वित छळ झाला. चौकशीच्या वेळी दुभाषा होता नागासे ताकाशी. लोमॅक्सच्या मनात वर्षानुवर्षं या दुभाष्याचाच आवाज होता.

पण नागासे युद्ध संपल्यावर दोस्तांच्या कबरी शोधणाऱ्या पथकाबरोबर त्या लाईनीवर फिरला, आणि त्यानं जे पाहिलं त्यातून तो बाहेर आला नाही. पुन्हा पुन्हा थायलंडला जाऊन प्रायश्चित्त करत राहिला. १९९३मध्ये दोघे क्वाय नदीच्या पुलावर भेटले. लोमॅक्स गेला होता तो माफ करायचं ठरवून नव्हे. समोर थरथरणारा म्हातारा बघितला, त्याच्याबरोबर पुढचे दिवस काढले, आणि मग माफ केलं. पन्नास वर्षांनी.

मला यात दोन्ही माणसांची चिकाटी दिसते. लोमॅक्स जगला ती एक. नागासे आपल्या अपराधाकडे पन्नास वर्षं पाठ न फिरवता बघत राहिला, ती दुसरी. वातानाबेकडे ती नव्हती. म्हणून झँपेरिनीची क्षमा अर्धवट राहिली असं मी म्हणणार नाही, पण ती एकट्याची राहिली, आणि एकट्यानं केलेली क्षमा फार जड असावी.

अबोली

मी सहसा वाचनमात्र असते. आज लिहिते.

माझे आजोबा दुसऱ्या मराठा बटालियनमध्ये होते. जून १९४२मध्ये लिबियातलं टोब्रुक पडलं, तेव्हा तीस हजारांहून जास्त सैनिक पकडले गेले, त्यात तेही. तिथून इटलीतल्या छावणीत. सप्टेंबर १९४३मध्ये इटलीनं शस्त्रं ठेवली तेव्हा बरेच कैदी छावण्यांतून पळाले, त्यात आजोबाही. एका शेतकऱ्याच्या घरात गवताच्या गंजीमागे लपले. जर्मनांना कळलं असतं तर त्या घराला आग लागली असती. तिथली बाई त्यांना मक्याच्या पिठाचं शिजवलेलं काही द्यायची, त्याला ते 'मक्याची उकड' म्हणायचे. गणपतीच्या आरतीनंतर देवाला हात जोडताना 'त्या आईला सुखी ठेव' असं म्हणायचे. आम्हाला लहानपणी वाटायचं, कुठली तरी देवी असेल.

पण घरी परतलेल्या माणसाबरोबर राहणं सोपं नव्हतं. आजी सांगायची, कुणी मोठ्यानं ओळीनं नावं वाचायला लागलं की ते जागेवर ताठ उभे राहायचे. रेशनच्या रांगेत ते कधीच गेले नाहीत, आजीच जायची. झँपेरिनीची बायको सिंथिया हिच्याबद्दल वाचताना मला आजी आठवते. एका रात्री स्वप्नात वातानाबेचा गळा दाबतोय असं त्याला वाटत होतं आणि जागा झाला तेव्हा हाताखाली ती होती. त्याला शत्रूला क्षमा करायची होती. तिला रोज सकाळी उठून त्याला क्षमा करायची होती, तिची मिठी कुणी छापली नाही.

आणि चॉकलेट. छावणीत हिंदी कैद्यांना रेडक्रॉसमार्फत पार्सलं यायची, डाळ, पीठ, तूप. आजोबांचं एक पार्सल त्यांच्याच वाडीतल्या माणसानं लांबवलं. आजोबांना तेव्हा ताप होता. दोघेही जिवंत परत आले, दोघांची घरं पाणंदीच्या अल्याड-पल्याड. आजोबा जर्मनांबद्दल, इटालियनांबद्दल कडवट बोलल्याचं कुणाला आठवत नाही. पण त्या माणसाशी ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. त्याच्या मुलीच्या लग्नाला गाडीभर नारळ पाठवले, स्वतः गेले नाहीत. आम्हाला कारण कळलं ते आजोबा गेल्यावर, आजीकडून.

तेव्हा खाडीकाठच्यांना विचारावंसं वाटतं: परका शत्रू माफ करणं कदाचित जमतं, कारण तो लांब असतो. पाणंदीपल्याडच्या माणसाचं काय?

खाडीकाठचा

अबोलीताई, तुमचा प्रतिसाद वाचून मी बराच वेळ काही लिहू शकलो नाही. मी तराफ्यावरची क्षमा मोठी म्हटलं, पण मॅकनमारानं ती शार्कसमोर उभं राहून फेडली आणि मग तो गेला. तुमच्या आजोबांसमोर तो माणूस रोज होता. तरी गाडीभर नारळ गेले. मला त्या नारळांबद्दल फार आदर वाटतो.

मालवणी मुलूख

माका ह्या सगळ्यात गाऱ्हाणा आठवला. वरसाक देवळात गाऱ्हाणा घालताना आमी काय म्हणतंव? जाणता-अजाणता काय चुकला-माकला आसात तर पदरात घे रे म्हाराजा. आणि सगळो गाव म्हणता, व्हय म्हाराजा. चूक एकट्याची आसली तरी मागणारो एकटो नसता.

मास्तरांनू, वातानाबेन नाय मागल्यान ह्या खरा. पण नाओएत्सूच्या लोकांनी छावणीच्या जाग्यार १९९५त शांती उद्यान केल्यानी. साठ ऑस्ट्रेलियन कैदी मेले तेंचा स्मारक थय आसा. आणि युद्धानंतर फाशी दिलेले आठ पहारेकरी, तेंचाय आसा. तेंची पोरांबाळां त्याच गावात रवत होती, लोकांची बोलणी खावन. गावान दोनवांची आठवण एका जाग्यार ठेवल्यान. म्हणान झँपेरिनी थयसून मशाल घेवन धावलो, तेका घेवक गाव उभो रवलो. एका माणसान नकार दिल्यान, तरी गाव होतो.

पाऊलवाट

थोडं वेगळं, पण विषयाला धरून. १९७१च्या युद्धात आपले वैमानिक रावळपिंडीच्या छावणीत होते. फ्लाइट लेफ्टनंट दिलीप परुळकर, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी हे तिघे १३ ऑगस्ट १९७२च्या रात्री भिंत फोडून निसटले. पेशावर, जमरूद करत अफगाण सीमेजवळच्या लंडी कोतलपर्यंत पोचले. नकाशात बघून लंडी खानाचा रस्ता विचारला, आणि ते स्टेशन १९३२पासूनच बंद असल्यामुळे तिथल्या लोकांना संशय आला. सीमा अगदी हाकेच्या अंतरावर होती.

मला यातली लक्षात राहिलेली व्यक्ती म्हणजे छावणीचा मुख्य, पाकिस्तानी हवाई दलाचा स्क्वाड्रन लीडर उस्मान हमीद. नाताळाला तो कैद्यांसाठी केक घेऊन आला होता. आणि पकडले गेल्यावर, स्थानिक लोकांच्या हाती जीव जायची वेळ आली तेव्हा, परुळकरांना सुचलं ते त्याचंच नाव, त्याला फोन लावा म्हणून. क्वाजालिनवर झँपेरिनीलाही एक पहारेकरी भेटला होता, जो त्याच्याशी माणसासारखा वागला. शत्रूच्या गोटात असा एक जरी माणूस भेटला तरी पुढे सगळ्या देशाला शिव्या घालणं जमत नाही, असं मला वाटतं. आपल्या उत्तरेला, पालघर-डहाणूकडचे खलाशी गुजरातच्या बोटींवरून पाकिस्तानच्या ताब्यात सापडतात, कराचीच्या तुरुंगात वर्षं काढून येतात. युद्धकैदी नव्हेत ते, पण दोन देशांच्या भांडणातलेच कैदी. दर वर्षी १ जानेवारीला आणि १ जुलैला दोन्ही देश कैद्यांच्या याद्या एकमेकांना देतात, तेव्हा त्या वाड्यांवर लोक नाव शोधत बसलेले असतात.

निवृत्त_मास्तर

मालवणी मुलूख, तुमच्या उत्तरानं माझा आक्षेप पूर्ण मिटला नाही, पण आता मी तो निराळा मांडेन. मेलेल्यांच्या वतीनं क्षमा करता येत नसेल, पण मेलेल्यांची नावं घेता येतात, आणि ते आधी व्हायला हवं.

हे म्हणायचं कारण कूत. पहिल्या महायुद्धात मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकात, कूत-अल-अमाराला तुर्कांच्या वेढ्यात सहावी पुणे डिव्हिजन अडकली. ७ डिसेंबर १९१५ ते २९ एप्रिल १९१६ वेढा. आत १०३, ११० आणि ११७ या तीन मराठा पलटणी होत्या आणि त्यांत कोकणातली पोरं होती. पीठ संपत आलं, घोडे कापले, पण बहुतेक हिंदी शिपायांनी धर्मापायी घोड्याचं मांस खायचं नाकारलं. हिंदुस्थानातून धर्मगुरूंच्या परवानगीच्या तारा मागवल्या गेल्या. बरेच जण अगदी शेवटी तयार झाले, तोवर अंगातलं बळ गेलं होतं. शरण गेल्यावर सुमारे तेरा हजार माणसं कैद झाली. उन्हातून मोसूलमार्गे रास-अल-ऐनपर्यंत चालवत नेली आणि बगदाद रेल्वेच्या कामाला जुंपली. हजारो वाटेतच गेले.

बसऱ्याला मोठं स्मारक आहे. त्यावर गोऱ्या शिपायांची नावं कोरली. हिंदी शिपायांची नावं नाहीत, पलटणीखाली फक्त आकडा. एप्रिल २०२१मध्ये युद्धात मेलेल्यांच्या कबरी आणि स्मारकं सांभाळणाऱ्या कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशननं या भेदभावाबद्दल जाहीर माफी मागितली, ब्रिटनच्या संरक्षणमंत्र्यांनी संसदेत मागितली. शंभर वर्षांनी मागितलेली ही माफी स्वीकारायला आज कोण बसलंय? ज्यांच्या घरातून ती पोरं गेली तीच घरं ना? आणि त्या घरांना आपलं माणूस कूतला होतं हेच माहीत नाही.

देवराई

मास्तरांच्या शेवटच्या वाक्यावरून लिहितेय. आमच्या चिपळूण तालुक्यातल्या गावात चावडीच्या भिंतीत एक संगमरवरी पाटी आहे: या गावातून महायुद्धाला इतके गेले, त्यांपैकी इतके मेले. नावं नाहीत. गावात दोन-तीन घरांत 'पणजोबांचा भाऊ बसऱ्याला गेला' एवढंच सांगतात. शोध घ्यायचा तर कुठून सुरुवात करावी?

निवृत्त_मास्तर

देवराईताई, पहिल्या महायुद्धातल्या कैद्यांच्या नोंदींची पत्रकं जिनिव्हाच्या आंतरराष्ट्रीय रेडक्रॉसनं संगणकावर खुली केली आहेत. नाव इंग्रजीत कसंही लिहिलेलं असू शकतं, पाच-सहा तऱ्हांनी शोधा. मृतांसाठी वॉर ग्रेव्हज कमिशनची यादी आहे. त्यात बऱ्याच हिंदी शिपायांची नावं वडिलांच्या आणि गावाच्या नावासकट मिळतात. पलटण कळली तर बेळगावच्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या केंद्राला पत्र लिहा, जिल्ह्याच्या सैनिक कल्याण कार्यालयातही विचारा.

अबोली

आणि आधी गावातल्या म्हाताऱ्या बायकांना विचारा. आमच्याकडे सगळं आजीकडे होतं.

खाडीकाठचा

देवराईताई, पाटीचा फोटो इथे टाकाल का? माणगाव, महाड, पोलादपूरकडच्या अशा पाट्या मी गोळा करायला घेतो. दर्यावर्दीकाका, दापोली-मंडणगड तुमच्याकडे. मालवणी मुलूख, खालचं तुम्ही बघा. जे पकडले जाऊन परत आले त्यांची वेगळी यादी करू. नाव, पलटण, कुठे पकडले, कधी परतले, आणि घरच्यांना जे सांगायचं असेल तेवढंच. अबोलीताई, तुमच्या आजोबांनी हरकत घेतली नसती असं वाटत असेल, तरच त्यांच्यापासून सुरू करू.

अबोली

आजोबांचं लिहा. पाणंदीपल्याडच्या घरातल्यांचंही लिहायला हवं, तेही टोब्रुकलाच पकडले गेले होते. त्यांच्या नातवाला मी उद्या विचारते.